इब्न बतूता आणि त्याची रिहला : दख्खन व गोमंतक किनाऱ्याच्या इतिहासाचे एक साधन

चौदाव्या शतकातील हिंदुस्थानचा इतिहास लिहिताना किंवा शिकविताना इब्न बतूताचे नाव टाळता येत नाही. मुहम्मद बिन तुघलकाचा दरबार, डाकव्यवस्था, दिल्ली-दौलताबाद प्रकरण, मलबारचा व्यापार अशा अनेक विषयांवर त्याच्या प्रवासवर्णनाचा, म्हणजे ‘रिहला’चा, आधार दिला जातो. या ग्रंथाकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या पद्धती मात्र रूढ झाल्या आहेत. एका पद्धतीत त्यातील प्रत्येक ओळ प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून घेतली जाते. दुसऱ्या पद्धतीत चीन किंवा व्होल्गेकाठच्या बुल्गार शहराविषयीच्या शंका पुढे करून सबंध ग्रंथच गोष्टीवेल्हाळ माणसाची करमणूक ठरविला जातो. या दोहोंपेक्षा वेगळी आणि अधिक कष्टाची अशी तिसरी वाट आहे. ग्रंथातील मजकूर पाहिलेला, ऐकलेला आणि दुसऱ्या ग्रंथातून उचललेला असा वेगळा करीत तो वाचला, तर त्याचे मोल कमी होत नाही, उलट नेमके होते. विशेषतः दौलताबाद, नंदुरबार, होनावर आणि गोवा यांविषयीच्या मजकुराला ही कसोटी लावणे उपयुक्त ठरते.

घराणे, शिक्षण आणि प्रस्थान

इब्न बतूताचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद. त्याचा जन्म १७ रजब ७०३ हिजरी, म्हणजे २४ फेब्रुवारी १३०४ रोजी मगरिबमधील तांजा (टँजियर) या बंदरात झाला. घराणे बर्बर वंशाच्या लवाता टोळीतील होते आणि त्यात काझीपदाची परंपरा होती. मगरिबमधील रिवाजाप्रमाणे त्याचे शिक्षण मालिकी फिकहचे झाले. तो मोठा विद्वान होता असे म्हणता येत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. परंतु अरबी भाषा, कुरआन आणि शरियतचे ज्ञान एवढ्या शिदोरीवर त्या काळी मोरोक्कोपासून सुमात्रापर्यंत माणसाला आदर, आसरा आणि प्रसंगी नोकरीही मिळू शकत होती. त्याच्या साऱ्या कारकिर्दीचा पाया हाच आहे.

२ रजब ७२५ हिजरी, म्हणजे १४ जून १३२५ रोजी हजच्या इराद्याने तो एकटाच घरातून निघाला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. ट्युनिस, अलेक्झांड्रिया, कैरो, दमास्कस या मार्गाने तो मक्केस पोहोचला आणि १३२६ मध्ये त्याने पहिला हज केला. तेथून परतण्याऐवजी तो इराक व इराणकडे वळला. पुढे येमेन, पूर्व आफ्रिकेतील मोगादिशू व किल्वा, अनातोलिया, उझबेग खानाचे राज्य, कॉन्स्टँटिनोपल आणि मध्य आशिया असे फिरत १ मुहर्रम ७३४ हिजरी, म्हणजे १२ सप्टेंबर १३३३ रोजी तो सिंधू नदीवर आला. या टप्प्यातील तारखा एकमेकींशी सर्वत्र जुळत नाहीत आणि त्यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. सिंधूवरील तारीख मात्र त्याने स्वतः स्पष्टपणे दिली आहे.

दिल्ली दरबारातील काझी

हिंदुस्थानात येण्यामागे केवळ भ्रमंतीची हौस नव्हती. परदेशी विद्वानांना मुहम्मद बिन तुघलक उदारपणे आश्रय देतो ही कीर्ती सर्वदूर पसरली होती. इब्न बतूता नोकरीच्या शोधात आला आणि ती त्याला मिळालीही. सुलतानाने त्याला दिल्लीचे काझीपद देऊन वर्षाला १२,००० दिनार वेतन ठरविले. आपण मालिकी आहोत, येथील लोक हनफी आहेत आणि आपल्याला येथील भाषा येत नाही, अशी अडचण त्याने मांडली. त्यावर सुलतानाने त्याला दोन साहाय्यक दिले. त्यांनी सल्ला घ्यावा आणि याने कागदांवर मोहर करावी, अशी ती व्यवस्था होती. आपले पद किती नाममात्र होते हे इब्न बतूताने लपविलेले नाही. व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या कर्जाचा आकडा ५५,००० दिनारांवर गेला आणि ते फेडण्यासाठी आपण सुलतानाची कशी मनधरणी केली, हेही त्याने सांगितले आहे.

दरबाराची दुसरी बाजूही त्याला पाहावी लागली. शेख शिहाबुद्दीन या साधुपुरुषाने सुलतानाची चाकरी नाकारली आणि पुढे त्याला देहान्त शासन झाले. इब्न बतूता त्याच्या भेटीस गेला होता एवढ्यावरून त्याच्यावर पहारा बसला. त्याने पाच दिवस उपवास केला. सुटका झाल्यावर सारे काही वाटून टाकून तो काही महिने एका फकिराच्या सहवासात राहिला. नंतर सुलतानाने त्याला बोलावून चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून जाण्यास सांगितले. १७ सफर ७४३ हिजरी, म्हणजे २२ जुलै १३४२ रोजी मोठा नजराणा घेऊन त्याने दिल्ली सोडली.

वाटेत कोइलजवळ (आजचे अलीगढ) झालेल्या चकमकीत तो बंदी झाला आणि जीव वाचवून निसटला. पुढे ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन या मार्गाने तो दौलताबादेस आला. ग्वाल्हेर येथील त्याचा एक अनुभव त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. पूर्वी कधी तरी तो तेथील अंमलदाराला भेटावयास गेला असता, तो अंमलदार एका हिंदू माणसाचे दोन तुकडे करण्याचा हुकूम देण्याच्या बेतात होता. आपल्यासमोर कोणाचा वध झालेला आपण पाहिलेला नाही, कृपा करून असे करू नये, अशी विनंती इब्न बतूताने केली आणि त्या माणसाचा जीव वाचला. हा माणूस निर्दय नव्हता. पण त्याची दया नेहमी सारखी जागी राहत नव्हती, हे गोव्याच्या प्रकरणात दिसून येते.

ग्रंथ कसा तयार झाला

गुजरात, गोवा व मलबार मार्गे तो कालिकतला पोहोचला. तेथे वादळात वकिलातीचे जहाज फुटले आणि नजराणा व त्याचे सहकारी बुडाले. जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर राहिल्यामुळे तो स्वतः वाचला. रिकाम्या हाताने दिल्लीस जाण्याचे धाडस त्याला झाले नाही. पुढे मालदीवमध्ये काझीपद, सिंहलद्वीप, मदुरा, बंगाल, सुमात्रा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे चीन असा प्रवास करून तो परत फिरला. १३४८ मध्ये दमास्कस येथे त्याने महामारीचा कहर पाहिला. वडील पंधरा वर्षांपूर्वीच निवर्तल्याची बातमी त्याला तेथेच कळली. १३४९ च्या अखेरीस तो मगरिबमध्ये पोहोचला, तेव्हा आईही त्याच साथीत गेल्याचे त्याला वाटेत समजले. यानंतर त्याने ग्रॅनडा पाहिले आणि १३५२-५३ मध्ये सहारा ओलांडून मालीचे राज्य पाहिले.

फेजचा मरीनी सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून त्याने आपला वृत्तान्त तोंडी सांगितला आणि ग्रॅनडाचा तरुण साहित्यिक इब्न जुझय्य याने तो लिहून सजविला. हे कथन ३ जिल्हिज्ज ७५६ हिजरी, म्हणजे ९ डिसेंबर १३५५ रोजी संपले. इब्न जुझय्यने आपले संपादन सफर ७५७, म्हणजे फेब्रुवारी १३५६ मध्ये पुरे केले. यानंतर इब्न बतूता मगरिबमधीलच एका गावी काझी होता एवढे कळते. त्याच्या मृत्यूचे वर्ष १३६८-६९ किंवा १३७७ असे दोन प्रकारे दिले जाते.

ग्रंथाच्या निर्मितीची ही हकिकत साधनचिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हे रोजनिशीवरून लिहिलेले पुस्तक नव्हे. बुखाऱ्यात उतरवून घेतलेले कबरींवरील लेख हिंदी समुद्रात चाच्यांनी लुटल्यामुळे हरवले, असे तो स्वतःच सांगतो. म्हणजे तीस वर्षांच्या प्रवासाची सामग्री मुख्यतः त्याच्या स्मरणात होती आणि तिला भाषा दिली ती पूर्वेकडील देश न पाहिलेल्या दुसऱ्याच माणसाने. जेथे स्मरण अपुरे पडले तेथे इब्न जुझय्यने बाराव्या शतकातील प्रवासी इब्न जुबैरच्या ग्रंथाचा आधार घेतला. दमास्कस, मक्का, मदीना व बगदाद यांच्या वर्णनांतील मोठे भाग तेथून आलेले आहेत. फिलस्तीनच्या वर्णनात अल्-अब्दरी या तेराव्या शतकातील मगरिबी प्रवाशाची छाया विसाव्या शतकातील अभ्यासकांनी दाखवून दिली आहे.

आजच्या अर्थाने ही वाङ्मयचोरी म्हणता येईल. त्या काळच्या संपादकाला मात्र चांगल्या वर्णनाची पुनरुक्ती हे ग्रंथाचे भूषण वाटत असे. मक्केचे वर्णन उचलण्यासाठी हाताशी इब्न जुबैर होता. दौलताबाद, नंदुरबार, होनावर या गावांचे वर्णन उचलावे असा प्रवासग्रंथ फेजमधील लेखनिकापुढे नव्हता. या प्रकरणांत इब्न बतूताच्या स्मरणावाचून दुसरा आधार नसल्याने ती अधिक अस्सल ठरतात. स्मरणातील चुका त्यांत असतील, परंतु उसनवारीची शंका तेथे फारशी उरत नाही. शिवाय या भागातील अनुभव आणि कथन यांत बारा-तेरा वर्षांचेच अंतर आहे, तर कैरो वा शिराझच्या बाबतीत ते पंचवीस-तीस वर्षांचे आहे.

दौलताबाद आणि नंदुरबार

इब्न बतूता दौलताबादेस आला तो काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. सुलतानाचा गुरू कुतलुग खान तेव्हा दख्खनचा कारभार पाहत होता. १३४५ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले, बंडाळी माजली आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. म्हणजे तुघलकी अंमल मोडण्यापूर्वीची शेवटची काही शांत वर्षे या वर्णनात टिपली गेली आहेत.

शहराचे तीन भाग तो सांगतो : सुलतान व लष्कराचे दौलताबाद, कटक नावाची वस्ती आणि देवगिरीचा अजिंक्य किल्ला. येथील लोकांना तो ‘मरहट’ म्हणतो. जवाहिरांचा व्यापार करणारे हिंदू सावकार अतिशय श्रीमंत आहेत, त्यांना ‘साह’ म्हणतात आणि ते मिसरच्या कारिमी व्यापाऱ्यांसारखे आहेत, अशी तुलना तो करतो. कारिमी म्हणजे तांबड्या समुद्रातील मसाल्याचा व्यापार हाती असलेले कैरोचे बडे व्यापारी. ज्याने दोन्ही ठिकाणची बाजारपेठ पाहिली आहे त्यालाच अशी तुलना सुचते. द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात हेही त्याने नोंदविले आहे. ‘तरबाबाद’ या गायक-वादकांच्या बाजाराचे त्याचे वर्णन प्रसिद्ध आहे. बाजाराच्या मध्यभागी घुमटाची सजविलेली वास्तू, दर गुरुवारी असरच्या नमाजनंतर तेथे बसणारा गायकांचा प्रमुख, त्याच्यासमोर मगरिबपर्यंत चालणारे गायन आणि त्याच बाजारातील मशिदींत रमजानमध्ये होणारी तरावीह. संगीत आणि इबादत यांचे हे शेजार त्याला खटकलेले दिसत नाही. धर्मशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा शहरातील प्रत्यक्ष जीवन कसे वेगळे होते, याचा हा चांगला दाखला आहे.

याच प्रकरणात किल्ल्यातील तळघरांची हकिकत आहे. मांजरापेक्षा मोठे उंदीर तेथे होते आणि शेजारच्या कोठडीतील आजारी कैद्याला त्यांनी कुरतडून मारले, असे मलिक खत्ताब या अफगाण सरदाराने सांगितल्याचे तो लिहितो. हे ‘ऐकलेल्या’ मजकुराचे स्वच्छ उदाहरण होय. इब्न बतूताने सांगणाऱ्याचे नाव दिले आहे. सांगणारा स्वतः तेथे कैदेत होता. उंदरांच्या आकाराची जबाबदारी मात्र त्या सरदाराकडेच राहते.

नंदुरबार हे त्याने पाहिलेले दुसरे मराठी गाव. तेथील मरहट लोक हस्तकलांत निष्णात आहेत, त्यांच्यात वैद्य व ज्योतिषी आहेत, वरिष्ठ लोक ब्राह्मण व क्षत्रिय आहेत, अशी माहिती तो देतो. त्यांचा आहार भात, भाजी व तिळाचे तेल असा असून ते प्राण्यांना इजा करीत नाहीत, मद्य घेत नाहीत, जेवणापूर्वी स्नान करतात आणि सात पिढ्यांचे अंतर असल्यावाचून नात्यात विवाह करीत नाहीत. जेवणापूर्वीच्या स्नानाची तुलना तो गुस्लशी करतो. परधर्मीयांच्या आचाराकडे तो आपल्या फिकहच्या चौकटीतून पाहतो, पण टर उडवीत नाही. सबंध समाजाला लागू केलेले हे वर्णन बहुधा वरच्या वर्गापुरते खरे असावे. शेतकरी व कष्टकरी लोक त्याच्या नजरेत आलेच नाहीत. वैद्य, सावकार, ब्राह्मण व अंमलदार यांच्यात वावरणाऱ्या पाहुण्याची ही स्वाभाविक मर्यादा आहे.

होनावरच्या शाळा आणि गोव्याची मोहीम

होनावर (ग्रंथात हिनौर) हे कारवारच्या दक्षिणेकडील बंदर. तेथे सुलतान जमालुद्दीन याचे छोटे राज्य होते. ‘हरयब’ नावाच्या हिंदू राजाचे वर्चस्व तो मानीत असे. हा राजा म्हणजे १३३६ च्या सुमारास स्थापन झालेल्या विजयनगरचा पहिला हरिहर होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लोक शाफई असून समुद्रावर उपजीविका करतात, त्यांना शेती नाही, असे इब्न बतूता सांगतो. कोकणापासून भटकळपर्यंतच्या मुसलमानांत शाफई मजहब आजही प्रचलित आहे. त्यामुळे या नोंदीचे महत्त्व किनारपट्टीच्या वाचकाला सांगावयास नको. या सुलतानाकडे आपण अकरा महिने राहिलो आणि त्या काळात रोटीचा तुकडाही खाल्ला नाही, कारण येथील अन्न भात हेच आहे, अशी गव्हाच्या मुलखातून आलेल्या माणसाची तक्रारही त्याने नोंदविली आहे.

याच ठिकाणी त्याचे सर्वाधिक उद्धृत होणारे विधान येते. गावातील स्त्रिया कुरआन मुखोद्गत करतात आणि गावात मुलींसाठी १३ व मुलांसाठी २३ शाळा आहेत, असे आपण अन्यत्र कोठेही पाहिले नाही, असे तो म्हणतो. मुस्लिम स्त्रीशिक्षणाच्या परंपरेविषयी बोलताना हे आकडे हमखास पुढे येतात. त्यांच्या बाजूने काही गोष्टी नक्कीच सांगता येतात. प्रवासी अतिशयोक्ती करतो तेव्हा शेकडा-हजारांच्या भरीव संख्या वापरतो. १३ आणि २३ हे आकडे मोजल्यासारखे वाटतात. त्याचा तेथील मुक्काम दीर्घ होता. काझी असल्यामुळे शाळा, मशिदी व उलेमा यांच्याकडे त्याचे लक्ष आपोआप जात असे. मुख्य म्हणजे ही बाब त्याला स्वतःला नवलाची वाटली आहे आणि मोरोक्कोपासून आलेल्या माणसाचे हे नवल अर्थपूर्ण आहे.

तथापि या विधानाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. हे शिक्षण मुख्यतः कुरआनपठणाचे व पाठांतराचे होते. प्रत्येक शाळेत किती मुली होत्या हे त्याने सांगितलेले नाही. समुद्रव्यापारावर जगणाऱ्या, ज्यांचे पुरुष महिनोन्महिने बाहेर असत अशा एका सधन वस्तीचे हे चित्र आहे. असे अन्यत्र पाहिले नाही, हे त्याचेच शब्द सांगतात की इस्लामी जगतात ही सर्वसाधारण स्थिती नव्हती. होनावरची नोंद त्या काळी स्त्रीशिक्षण सार्वत्रिक असल्याचा पुरावा म्हणून वापरणे म्हणजे साक्षीदाराने जे नाकारले तेच त्याच्या तोंडी घालणे होय. एका बंदरातील समाजाने आपल्या मुलींसाठी १३ शाळा चालविल्या, एवढे ठामपणे म्हणता येते आणि तेवढेही थोडे नाही.

होनावरच्या प्रकरणाला जोडूनच गोव्याची हकिकत येते. ग्रंथातील ‘संदापूर’ म्हणजे गोवा, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. नेमके स्थळ आणि चंद्रपूर (चांदर) या जुन्या राजधानीच्या नावाशी असलेला संबंध यांविषयी मतभेद आहेत. बेटावर ३६ गावे आहेत, भोवतालच्या खाडीचे पाणी ओहोटीस गोडे व भरतीस खारे असते, मध्यभागी एक जुने हिंदू नगर व दुसरे मुसलमानांनी वसविलेले नगर आहे आणि जमालुद्दीनच्या पित्याने, म्हणजे नाखुदा हसनने, बांधलेली मोठी मशीद तेथे आहे, असे वर्णन त्याने केले आहे. तिसवाडी या नावातच तीस वाड्यांचा उल्लेख असल्याने गावांची ही संख्या लक्ष वेधून घेते. पहिल्या फेरीत तो येथे उतरला नव्हता, जवळच्या लहान बेटाशी नांगर टाकला होता. वर्णनातील बारकावे नंतरच्या मुक्कामातून आलेले असावेत. एकाच स्थळाच्या दोन वेळच्या आठवणी कथनात एकत्र होतात, हे या ग्रंथात वारंवार दिसते.

कालिकतच्या दुर्घटनेनंतर तो होनावरला परतला, तेव्हा जमालुद्दीनने ५२ जहाजांची मोहीम संदापुरावर काढली होती. या मोहिमेचे कारण इब्न बतूताने सांगितले आहे. संदापूरच्या राजाचे आपल्या मुलाशी बिनसले आणि त्या मुलाने जमालुद्दीनला पत्र लिहून बोलावले. आपण इस्लाम स्वीकारू व सुलतानाच्या बहिणीशी विवाह करू, असे त्याचे वचन होते. घरातील गादीचा तंटा आणि बंदराचा लोभ यांतून ही लढाई उभी राहिली, धर्माचे नाव तिला जोडले गेले. कुरआनमधून शकुन पाहून इब्न बतूताही निघाला. मागील बाजू उघडता येणाऱ्या दोन जहाजांत घोडे ठेवले होते आणि स्वार आतच घोड्यावर बसून थेट किनाऱ्यावर उतरले, हा त्याने दिलेला तपशील नौयुद्धाच्या अभ्यासकांना मोलाचा वाटतो. शहर पडले. काही महिन्यांनी तेथील राजाने चाल करून वेढा घातला, तेव्हा इब्न बतूता तेथून निघून गेला.

या विजयानंतरची एक नोंद मात्र उद्धृत केली जात नाही. सुलतानाने त्याला लूटीतील एक बंदी स्त्री दिली. तिचे नाव लम्की असे होते, त्याने ते बदलून मुबारका ठेवले. तिचा नवरा खंडणी देऊन तिला सोडवावयास आला आणि आपण नकार दिला, असे तो एका वाक्यात सांगून पुढे जातो. दास-दासी ठेवणे ही त्या काळची रूढी होती आणि हिंदू-मुसलमान दोन्ही राज्यांत ती चालत असे, हे खरे. पण खंडणी घेऊन सोडण्याचा मार्गही त्याच काळच्या रूढीत व फिकहमध्ये उपलब्ध होता आणि काझी म्हणून तो त्याला ठाऊक होता. ग्वाल्हेरात एका अनोळखी माणसाच्या जिवासाठी रदबदली करणाऱ्याला येथे पत्नीच्या सुटकेसाठी आलेल्या नवऱ्याची दया आली नाही. होनावरच्या मुलींच्या शाळा ज्याच्या साक्षीवरून आपण मान्य करतो त्याच साक्षीदाराचे हेही निवेदन आहे. पहिले प्रमाण मानायचे आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करायची, हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. गोव्याची मोहीम तेवढी वेचून धर्मयुद्धाचा पुरावा म्हणून मांडायची आणि गादीच्या तंट्याचा व शाळांचा उल्लेख गाळायचा, हाही त्याच जातीचा दोष आहे.

विश्वासार्हतेचा प्रश्न

इब्न बतूतावर अविश्वास दाखविण्यास त्याच्या हयातीतच सुरुवात झाली होती. इब्न खल्दून तेव्हा फेजच्या दरबारात होता. हिंदुस्थानच्या सुलतानाच्या दौलतीच्या गोष्टी ऐकून लोक या प्रवाशाला खोटा म्हणू लागले, असे त्याने ‘मुकद्दमा’त लिहिले आहे. त्याने स्वतःची शंका वजीर फारिस याला सांगितली, तेव्हा वजिराने एक दृष्टान्त दिला. बापाबरोबर तुरुंगात वाढलेल्या मुलाने उंदरांखेरीज दुसरा प्राणी पाहिलेला नव्हता. बापाने मेंढी कशी असते हे कितीही समजावून सांगितले तरी ती उंदरासारखीच असणार असे त्याला वाटत राहिले. आपण पाहिले नाही म्हणून एखादी गोष्ट नाकारू नये, हा त्यातील बोध. इब्न खल्दूनने मात्र त्यात भर घातली की स्वीकारतानाही ती गोष्ट स्वभावतः शक्य आहे की नाही, हे तोलून पाहावे.

ही कसोटी दिल्ली-दौलताबाद प्रकरणाला लावून पाहता येते. दिल्ली पूर्ण ओस पडली आणि ओढत नेलेल्या आंधळ्या माणसाचा केवळ पाय दौलताबादेस पोहोचला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु हे स्थलांतर १३२७ च्या सुमाराचे आहे, तर इब्न बतूता हिंदुस्थानात आला तो १३३३ मध्ये. म्हणजे ही दिल्लीतील असंतुष्ट वर्गाकडून ऐकलेली कथा आहे. या घटनेवर झियाउद्दीन बरनी आणि दौलताबादेस राहून बहमनी आश्रयाखाली ‘फुतूह-उस्-सलातीन’ लिहिणारा इसामी यांचीही साक्ष आहे, आणि हे दोघेही सुलतानावर नाराज होते. लोकांना झालेला त्रास तिघांच्याही लेखनात असल्याने तो खरा मानावा लागतो. आंधळ्याच्या पायाची कथा मात्र त्या त्रासाची लोकांच्या मनावर उमटलेली खूण म्हणून वाचावी. याउलट डाकव्यवस्थेचे वर्णन तो स्वतः वापरलेल्या रस्त्यांवरून देतो. घुंगरांची काठी घेऊन धावणारे हरकारे, मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर त्यांची चौकी आणि पन्नास दिवसांच्या वाटेवरून पाच दिवसांत दिल्लीस पोहोचणारी सिंधची खबर, हे तपशील वेगळ्या प्रतीचे आहेत.

समारोप

हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती कसा आला तेही ध्यानात घ्यावे. युरोपात प्रथम त्याचे संक्षेप पोहोचले. फ्रेंचांनी अल्जेरिया घेतल्यानंतर तेथे हस्तलिखिते सापडली आणि त्यांवरून देफ्रेमेरी व सांग्विनेती यांनी १८५३ पासून पॅरिस येथे चार खंडांत अरबी संहिता व फ्रेंच भाषांतर छापले. हिंदुस्थानपुरता भाग मूळ अरबीवरून टिपांसह इंग्रजीत आणण्याचे काम आगा महदी हुसेन यांनी केले आणि तो ग्रंथ १९५३ मध्ये बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केला. एका मराठी संस्थानाने सुरू केलेल्या ग्रंथमालेतून मगरिबी काझीची ही साक्ष हिंदी अभ्यासकांना उपलब्ध झाली, ही विद्येच्या इतिहासातील समाधानाची बाब आहे.

महाविद्यालयीन वर्गात रिहलाचा उतारा वाचून दाखविताना विद्यार्थ्यांपुढे तीन साधे प्रश्न ठेवता येतात : हे इब्न बतूताने पाहिले, ऐकले की उचलले? ते पाहिले तेव्हा तो कोणाचा पाहुणा वा नोकर होता? आणि त्याच पानावरची कोणती ओळ आपण वगळली? पहिल्या प्रश्नाने मक्का व दमास्कसची काही वर्णने इब्न जुबैरकडे परत जातील आणि दौलताबाद, नंदुरबार, होनावरची वर्णने अधिक भक्कम होतील. दुसऱ्याने त्याच्या चित्रातून शेतकरी व कष्टकरी का गळाले हे कळेल. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तो इब्न बतूताला नसून त्याचे वाचन करणाऱ्याला आहे. होनावरच्या १३ शाळा आणि संदापूरची लम्की या दोन्ही नोंदी एकाच तासाला, एकाच फळ्यावर लिहिल्या गेल्या, तर विद्यार्थ्यांना चौदाव्या शतकाची कल्पना येईलच, शिवाय इतिहासाचा पुरावा प्रामाणिकपणे कसा वापरावा हेही त्यांना शिकता येईल.